नमुन्याची किंमत आणि दानाचा आकडा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेली मांडणी. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



कर्जफेडीचा आणि ऑडिटचा विषय अध्यक्षताईंनी आधीच उरकून घेतला, त्याबद्दल त्यांचे आभार. मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय आहे विणकाम. हसू नका. "विणकामावर काय बोलायचं, सुया घ्या अन् बसा" असं मागच्या सतरंजीवरून आत्ताच कुणीतरी म्हणालं, ते मला ऐकू आलं. पण आपल्याच एका गटात तीन आठवडे याच विषयावर बोलाचाली चालू आहे. दोन जणी एकमेकींशी नीट बोलत नाहीत. म्हणून हा विषय सभेत घ्यायचं ठरलं. गटाचं नाव मी घेणार नाही, त्या इथेच बसल्या आहेत आणि त्यांनीच मला बोलायला परवानगी दिली आहे.

गोष्ट अशी. या गटातल्या पाच जणींनी बाळाच्या कुंचीचा नमुना लिहून काढला. कुंची विणून विकणं आपल्याला नवीन नाही. यांनी कुंची विकायला न काढता ती कशी विणायची हे विकायला काढलं. किती टाके घालायचे, सुलट किती, उलट किती, झालर कुठून उचलायची, सहा महिन्यांच्या बाळाला केवढी, वर्षाच्या बाळाला केवढी, हे सगळं फोटोसकट आठ पानांत लिहिलं, टाईप करून घेतलं आणि त्याची पीडीएफ केली. पुण्या-नाशिकची किंवा परदेशातली एखादी बाई मोबाईलवरून पैसे पाठवते, तिला ही पीडीएफ जाते, लोकर ती तिची घेते आणि तिच्या घरी विणते. किंमत ठेवली ८० रुपये.

आणि मग सप्टेंबर आला. २०२५ चा हा सप्टेंबर आपण कुणीच विसरणार नाही. मराठवाडाभर अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, कापूस काळा पडला, कुणाच्या जमिनीची मातीच वाहून गेली. त्या दिवसांत गटातल्या एका ताईने मोबाईलवर चित्र बनवलं: बाळाची कुंची, खाली नमुन्याची किंमत, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, "निम्मे पैसे पूरग्रस्तांना". भावना चांगलीच होती. पण हे चित्र पाठवायच्या आधी गटातली दुसरी ताई म्हणाली, "पूरग्रस्त म्हंजी कोण? मपलं सोयाबीन गेलं ते कोणत्या गावचं होतं?"

तिचा प्रश्न चुकीचा नाही, आणि पहिलीची इच्छाही चुकीची नाही. म्हणून मी आज किंमत आणि दान या दोन्हींवर बोलणार आहे. आधी किंमत. कारण माझं मत असं आहे की दानाचं भांडण बहुतेक वेळा किंमत नीट न मांडल्यामुळेच होतं.

विणलेल्या वस्तूपासून सुरू करू, ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रुखवतासाठी क्रोशाचे रुमाल, दाराचं तोरण, संक्रांतीच्या वाणासाठी एकदम पन्नास छोट्या वस्तू, हे सगळं आपण विकतो. भाव कसा ठरतो? गिऱ्हाईक विचारतं, "केवढ्याला?" आपण तिच्या साडीकडे बघतो आणि एक आकडा सांगतो. ती निम्मा सांगते, आणि मधे कुठेतरी सौदा होतो. मुंबईत महालक्ष्मी सरसला जाऊन आलेल्या तायांना विचारा, तिथे शंभर जणी हात लावून बघतात आणि "इतकं महाग?" म्हणून पुढे जातात.

आता हिशेब करू. समजा एका कुंचीला १२० रुपयांची लोकर लागते आणि सात तास लागतात. तासाचा भाव काय धरायचा? मला एक सोपं माप सापडलं. रोजगार हमीची मजुरी आपल्या राज्यात २०२५-२६ या वर्षासाठी ३१२ रुपये रोज होती. आठ तासांनी भागलं की तासाला ३९ रुपये. मातीकामाला सरकार एवढं देतं, तर विणकामाला त्याहून कमी का धरायचं? सात तासांचे झाले २७३. त्यात लोकर मिळवा, ३९३. आणि बाजारात गिऱ्हाईक म्हणतं, "अडीचशेला द्या ना." अडीचशेला दिली की लोकर वजा जाऊन हातात १३० उरले, म्हणजे तासाला साडेअठरा रुपये. रोहयोच्या निम्म्याहून कमी! वर आपण म्हणतो, "जाऊ द्या, घरी बसूनच तर केलं, फावल्या वेळात."

या "फावल्या वेळा"वर एक पुस्तकच आहे. आंध्रात गोदावरीकाठी नरसापूर नावाचं गाव आहे. तिथल्या बायका क्रोशाची लेस विणतात, ती परदेशी जाते. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाई तिथे गेल्या, त्या बायकांमध्ये राहिल्या आणि १९८२ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक काढलं. एमएसडब्ल्यूला असताना ते आमच्या अभ्यासात होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या बायका दिवसाचे कितीतरी तास काम करतात, पण व्यापारी, नवरे आणि बायका स्वतःही त्यांना "घरी बसलेल्या गृहिणी" म्हणतात. एकदा कामाला रिकामा वेळ असं नाव पडलं की त्याची मजुरी कुणी मोजतच नाही. ते वाचताना मला आपल्या ओसरीवरच्या बायकाच दिसल्या.

आता नमुना. इथे हिशेब वेगळा आहे आणि तो नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्या फसतात. कुंची एकदा विकली की गेली, दुसरी विकायची तर पुन्हा सात तास. नमुन्याचं तसं नाही. तो एकदा लिहिला की दहा जणींना विका नाहीतर हजार जणींना, लिहायचं काम एकदाच. म्हणून लोकांना वाटतं की याला खर्चच नाही. "नुसता कागद तर आहे, तोही मोबाईलमधला! त्याचे ८० रुपये?" असं एक बाई यांना फोनवर म्हणाली.

तर त्या कागदाचा खर्च बघा. आकडे मी त्या पाच जणींच्या वहीवरून सोपे करून घेतले आहेत. डिझाईन जुळेपर्यंत कुंची तीनदा विणली, सात तासांप्रमाणे २१ तास. लिहायला १० तास, फोटोला ४. मग दुसऱ्या दोघींनी फक्त कागद वाचून एकेक कुंची विणून बघितली, ते १४ तास. या पायरीला कंटाळू नका. जिने नमुना बनवला तिच्या बोटांत तो असतोच, चूक तिला दिसत नाही. कागदावर "दोन टाके एकत्र" लिहायचं राहिलं की विकत घेणारी तिथेच अडकते आणि रात्री अकराला फोन करते. तर एकूण ४९ तास झाले. ३९ रुपयांनी १,९११. पाच कुंच्यांची लोकर ६००. टायपिंग, नेट, इकडे-तिकडे जाणं धरून ४०० च्या आसपास. म्हणजे एकूण साधारण २,९०० रुपये.

हे २,९०० रुपये आधी वसूल व्हायला हवेत. नमुना ८० ला विकला तर ३७ नमुने विकले गेल्यावर मजुरी सुटते. तोच "स्वस्तात देऊ, जास्त खपेल" म्हणून ३० ला ठेवला तर ९७ नमुने विकावे लागतात. आणि स्वस्त केलं की खप तिपटीने वाढतो असं काही नसतं. जिला कुंची विणायची आहे ती ८० ला पण घेते, जिला विणायची नाही ती फुकट दिली तरी उतरवून ठेवते आणि विसरते. विणणारी बाई लोकरीवर शंभर-दीडशे घालणारच आहे, सात-आठ तास घालणारच आहे. नमुना धड असला तर तिचे ते तास वाचतात. ती पैसे त्याचे देते.

परदेशी साईटवर विकायचं असेल तर आणखी एक वजाबाकी आहे. एट्सी म्हणून हाताच्या वस्तूंची मोठी बाजारपेठ आहे, २००५ पासूनची. तिथे वस्तू मांडायचे २० सेंट, विकली की किमतीच्या साडेसहा टक्के, आणि पैसे पोचवण्याचा खर्च वेगळा. ३ डॉलरच्या नमुन्यातून पहिल्या दोन गोष्टींतच ४० सेंट जातात. विणकामासाठी रॅव्हलरी नावाची वेगळी साईट आहे, ती २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका जोडप्याने सुरू केली. जगभरच्या बायका तिथे नमुने विकतात आणि फुकटही ठेवतात. आपल्याला आज लगेच तिथे जायचं नाही. पण बाहेर हा रीतसर धंदा आहे, लोक त्यावर घर चालवतात, एवढं माहीत असू द्या.

दोन बारीक गोष्टी सांगते आणि पुढे जाते. एक, यूट्यूबवरून किंवा दुसरीच्या पीडीएफवरून उचललेला नमुना आपल्या नावाने विकायचा नाही. टाका कुणाच्या मालकीचा नसतो. सुलट-उलट, साखळी, खांब, मुका खांब हे सगळ्यांचं आहे. पण लिहिलेला मजकूर, काढलेला तक्ता, फोटो हे जिचं तिचं असतं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने. दुसरी, आपली पीडीएफ एकीने घेऊन व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली तर काय करायचं? पूर्ण थांबवता येत नाही, खरं सांगते. पण पहिल्या पानावर घेणारीचं नाव टाकून पाठवली की पुढे ढकलताना तिचा हात जरा थांबतो. आणि शेवटच्या पानावर एक ओळ लिहा: हा नमुना पाच जणींनी बनवला आहे, मैत्रिणीला हवा असेल तर आमचा नंबर द्या.

आता दान.

आपल्याकडे देण्याची सवय नवीन नाही. गटाच्या बैठकीला येताना मूठभर धान्य आणून अडलेल्या घरी पोचवणाऱ्या बाया आहेत आपल्याकडे. गावात सप्ताह असला की वर्गणीला कुणी नाही म्हणत नाही. त्यामुळे "धंद्यात दान कशाला" असं मी म्हणणार नाही. म्हणाले तरी तुम्ही ऐकणार नाही.

पण विणकाम आणि दान यांची गाठ कशी पडते, त्याची दोन-तीन उदाहरणं बघा. कॅनडात स्टेफनी पर्ल-मॅकफी नावाच्या एक लेखिका आहेत, विणकामावरच लिहितात. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा त्यांनी विणणाऱ्या बायकांना सांगितलं: आठवडाभर काही विकत घेताना स्वतःला विचारा, हे मला हवं आहे की लागणारच आहे? जे नुसतं हवंसं वाटतं ते घेऊ नका आणि ते पैसे युद्धात-संकटात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला थेट द्या. पुढे ही रक्कम दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पैसे बाईंच्या हातात आलेच नाहीत, देणारीने थेट संस्थेला दिले. आणि कुणालाही आपला नमुना स्वस्त करायला सांगितला नाही.

दुसरं आपल्या देशातलं. चेन्नईच्या एका ताईंनी सुरू केलेल्या मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाने ३१ जानेवारी २०१६ ला जगातली सगळ्यात मोठी क्रोशाची चादर जोडली, ११,१४८ चौरस मीटरची. गिनीज बुकात नोंद झाली. गावोगावच्या बायकांनी चौकोन विणून पाठवले होते. त्या चादरी सुट्या करून गरजूंना द्यायच्या असंच ठरलं होतं. इथे बायकांनी श्रम दिले, हौसेने, माहीत असून. तेही दानच.

पण आपल्यासारख्या गटांसाठी खरा धडा मला मुंबईत दिसतो, लिज्जत पापडात. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. त्यांना सल्ला देणारे छगनबाप्पा पारेख. त्यांनी पहिल्यापासून दोन गोष्टी धरून ठेवायला लावल्या: मालाचा दर्जा उतरवायचा नाही आणि हिशेब धंद्यासारखा चोख ठेवायचा. आणि या बायकांनी स्वतःच ठरवलं की आपली संस्था ही धर्मादाय नाही, आपण कुणाकडून देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी हात पसरायचा नाही. "बिचाऱ्या गरीब बायका, घ्या त्यांचे पापड" म्हणून कुणी पापड घ्यावा हे त्यांना नको होतं. पापड चांगला म्हणून घ्या.

याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. इथल्या मोठ्या बायांना ती पहाट आठवत असेल, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. लातूर जिल्ह्यातल्या चिंचोली जोगन या गावात ५८ घरं बांधायला लिज्जतने पैसे दिले. ते पैसे कुठले? तिथल्या बहिणींनी आपल्या वणईतून दिले. वणई म्हणजे पापड लाटण्याची रोजची मजुरी.

म्हणजे बघा, मजुरीतून दान देणं चुकीचं आहे असं कुठेच नाही. गरीब बाईने देऊ नये असंही नाही. पण लिज्जतमध्ये क्रम कसा होता? आधी पापडाची पूर्ण किंमत घेतली. त्यातून लाटणारीला पूर्ण वणई दिली. वणई तिची झाली. मग तिने त्यातून दिलं. "भूकंपग्रस्तांसाठी वणई कमी घ्या" असं कुणी वरून सांगणं वेगळं, आणि हातात आलेल्या पैशातून स्वतः काढून देणं वेगळं. पहिल्यात दान करणारी कुणी दुसरीच असते आणि पैसे मात्र लाटणारीचे असतात.

आता आपल्या चित्राकडे या. "निम्मे पैसे पूरग्रस्तांना." ८० पैकी ४० गेले. उरलेल्या ४० मधून २,९०० सुटायला ७३ नमुने विकावे लागतात. तोवर जे दान जातं ते कुणाचं? गिऱ्हाईकाला वाटतं ते आपलं, चित्र बनवणाऱ्या ताईला वाटतं ते गटाचं. खरं म्हणजे ते ज्या दोघींनी चाचणीच्या कुंच्या विणल्या त्यांच्या १४ तासांचं आहे, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. त्यातली एक तीच, जिचं सोयाबीन गेलं. म्हणून तिला राग आला. ती कंजूष आहे म्हणून राग आला असं जे गटात बोललं गेलं, ते मला पटलेलं नाही, आणि हे मी तिच्यासमोर आणि तुमच्यासमोर सांगते.

"निम्मे पैसे" या शब्दांतही घोळ आहे. विक्रीचे निम्मे की नफ्याचे निम्मे? विक्रीचे असतील तर पहिल्या नमुन्यापासून ४० जातात. नफ्याचे असतील तर ३७ वा नमुना विकेपर्यंत दान शून्य, आणि गिऱ्हाईकाला तसं वाटत नसतं. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा "या खरेदीतून मदत" असं छापतात आणि किती ते छापत नाहीत. आपण तसं करायचं नाही. रुपयात आकडा लिहायचा: या नमुन्याच्या ८० रुपयांपैकी १० रुपये अमक्या कामाला, अमक्या तारखेपर्यंत. दहा म्हणजे दहा. ते सोसतात का? उरले ७०, खर्च सुटायला ४२ नमुने. गटाने बसून ठरवलं की चालेल, तर चालेल. पाचही जणींची सही ठरावावर घ्या.

अमक्या कामाला, हेही नाव घालून लिहा. "पूरग्रस्त" खूप मोठा शब्द आहे. गोदाकाठचे कुणी, दुधनाकाठचे कुणी, आणि आपल्यातलेही कुणी. अंगणवाडीत पाणी शिरून पोरांच्या सतरंज्या गेल्या असतील तर "अंगणवाडीच्या सतरंज्या" असं लिहा. घेतल्या की दुकानाचं बिल आणि फोटो नमुना घेणाऱ्या सगळ्यांना पाठवा. सप्ताहात शेवटच्या दिवशी वर्गणीचा हिशेब माईकवरून वाचतात ना, तसाच.

एक ताई परवा मला म्हणाल्या, "मॅडम, किंमत ८० च ठेवू, वर ज्याला वाटेल त्याने जास्त पाठवा म्हणू." ऐकायला सोपं आहे, पण तिथे जपून. आपल्या वस्तूच्या किमतीतून आपण काही रक्कम दिली तर ती आपली कमाई आपण दिली. पण लोकांकडून मदत म्हणून वेगळे पैसे गोळा करायचे म्हटलं की कायदा येतो. गणपती मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते, ती उगाच नाही. आणि परदेशातली बाई असेल तर आणखी. तिने नमुना विकत घेतला तर तो व्यापार. तिने "मदत" म्हणून पैसे पाठवले तर ती परकीय देणगी होऊ शकते, आणि ती घ्यायला २०१० च्या कायद्याप्रमाणे दिल्लीच्या गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. आपल्या गटांकडे ती नाही. कुणाला थेट द्यायचंच असेल तर मुख्यमंत्री सहायता निधीचा किंवा एखाद्या नोंदणी असलेल्या संस्थेचा रस्ता सांगा. पैसे आपल्या खात्यावर घेऊ नका.

आणखी एक प्रकार घडला आहे तोही सांगते. शहरातल्या एका दुकानदाराने यांना फोन केला: "तुमचा नमुना आम्हाला फुकट द्या, आम्ही त्यावरून कुंच्या विणून घेऊ आणि गरीब बाळंतिणींना वाटू, पुण्याचं काम आहे." पुण्याचं काम आहे तर लोकर कोण देणार, विणणारीला काय मिळणार, दुकानाचं नाव कुठे लागणार, हे विचारा म्हटलं. विचारलं. परत फोन आला नाही. मी असं म्हणत नाही की फुकट कधी द्यायचंच नाही. सरकारी दवाखान्यातल्या एखाद्या सिस्टरने, आशाताईने मागितला तर खुशाल द्या. मी तर म्हणेन टोपऱ्याचा एक छोटा नमुना कायमचा फुकटच ठेवा. ज्या पोरीच्या हातात पैसे नाहीत ती त्यावर शिकेल, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना तुमचं लिखाण किती साफ आहे ते कळेल. बाहेरच्या काही डिझाइनर बायका एकाच नमुन्याला दोन-तीन किमती ठेवतात, जिला जेवढं झेपेल तेवढं तिने द्यावं, कुणी पुरावा मागत नाही. आपण ते पुढे कधी करून बघू. पण फुकट काय आणि कुणाला हे गटाने ठरवायचं. मागणाऱ्याने "पुण्य" म्हटलं म्हणून नाही.

जिने चित्र बनवलं त्या ताईंचं म्हणणंही मी इथे ठेवलं पाहिजे. त्या म्हणतात, "आधी मजुरी सुटू दे, मग नफा होऊ दे, मग ठराव होऊ दे, असं करत बसलो तर देणं कधी होईल? पाणी तर आत्ता शिरलं होतं." यात तथ्य आहे. संकट हिशेबाला थांबत नाही. पण मग त्याला नमुन्याशी कशाला बांधायचं? त्याच आठवड्यात त्या ताईंनी स्वतःच्या घरून दोन पायल्या ज्वारी नेऊन दिली होती. कुणाला विचारलं नाही, चित्र बनवलं नाही. ते त्यांचं होतं, त्यांनी दिलं. नमुना पाच जणींचा आहे.

तर आता काय करायचं ते सांगते. ते चित्र अजून कुठे पाठवलेलं नाही, ते तसंच थांबवू. या गटाची बैठक येत्या मंगळवारी दुपारी तीनला आहे, ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली आहे. ज्या गटांना तोरणाचा, रुमालाचा, गोधडीच्या टाक्यांचा नमुना लिहायचा आहे, त्यांनी दोघी-दोघी पाठवा. येताना वही आणा आणि मागच्या महिन्यात विणायला किती तास बसलात ते आठवून लिहून आणा, "फावला वेळ" असं लिहिलेलं चालणार नाही. ८० रुपयांतले १० द्यायचे, ५ द्यायचे की पहिले ३७ नमुने होईपर्यंत काहीच नाही, हे त्या पाच जणी तिथे ठरवतील. मी आणि लेखापाल ताई फक्त बेरीज तपासायला बसू.

आणि ज्या दोघी बोलत नाहीत, त्यांना मी आत्ताच शेजारी शेजारी बसवलं आहे. चहा आला आहे, दोघींना एकाच ताटलीतून बिस्कीट द्या.